निळ्या ठिपक्यांच्या चिठ्ठ्या

पारोळा, ७ जानेवारी २०२५

कामिनी,

वरती आशीर्वाद लिहिला आणि खोडला. आठ महिने तू माझा फोन उचलत नाहीस, तर माझा आशीर्वाद तरी कशाला उचलशील? म्हणून नुसता रामराम घे. कुंदन रोज भाजी घेऊन धुळ्याला येतो, त्याच्या हाती हा कागद देतो आहे. तुझ्या मावशीचं घर त्याला माहीत आहे. फाडायचा असेल तर वाचून मग फाड.

काल तुझी आई दुकानात आली होती. मला वाटलं, तिच्या शेजाऱ्याची मोटार जळाली असेल. तर प्रमिलाने पिशवीतून कागद काढला आणि म्हणाली, भाईदासभाऊ, कामिनी बंगलोरच्या एका कॉलेजचा फॉर्म भरतेय. तिचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं पत्र त्यांना हवंय, तिनं तुमचं नाव दिलंय. मी विचारलं, माझ्याशी बोलणार आहे का ती? प्रमिला म्हणाली, बोलणार नाही, पण नाव दिलंय. घ्या! हा कुठला न्याय, तूच सांग.

आधी राग आला, खोटं कशाला बोलू. मग कुतूहल वाटायला लागलं. मी दहावी नापास माणूस. पाण्याच्या मोटारी जळतात, त्यांची काळी तार काढायची आणि नवी भरायची, तीस वर्षं हाच धंदा. माझ्या पत्राचं बंगलोरच्या लोकांनी करायचं काय? आणि तुला बारावीला एक्कावन्न टक्के पडलेत, हे त्यांनी पाहिलं की नाही? पाहूनही फॉर्म घेत असतील तर ते कॉलेज आहे की धर्मशाळा?

शेजारच्या नेमीचंदशेठच्या नातीला विचारलं. रिद्धी तुला आठवत असेल, तिनं परवाच्या वर्षी अहमदाबादसाठी असाच फॉर्म भरला होता. तिनं मोबाइलवर त्या कॉलेजचं सगळं वाचून दाखवलं. निम्मी निवड मार्कांवर, निम्मी बाकीच्यावर. मार्क कमी असले तर बाकीचं भक्कम पाहिजे, म्हणजे मुलानं स्वतः लिहिलेलं, मुलानं केलेलं काम, मुलाखत आणि माझ्यासारख्याचं पत्र. रिद्धी म्हणाली, काका, तिच्या बाबतीत तर तुमच्या पत्रावरच गाडी अडलीय. मुदत दहा फेब्रुवारी.

मला ही भानगड नवीन आहे. आमच्या वेळी कागदावर आकडा असायचा आणि आकड्याखाली रेघ. रेघेच्या वर असलास तर आत, नाहीतर शेतात. हे लोक रेघेच्या खाली वाकून पाहतात म्हणे. काय सापडतं त्यांना तिथे, हे मला कळलंच पाहिजे.

पत्र लिहीन. काय लिहायचं ते तू कळवलंस तर बरं होईल.

भाईदास मामा

*

पारोळा, १५ जानेवारी २०२५

कामिनी,

तुझा काही निरोप नाही. कुंदन म्हणाला, तिनं कागद घेतला, घडी केली आणि आत गेली. म्हणजे फाडला नाहीस. एवढं मला पुरे आहे.

काम झालं. काल रिद्धीच्या लॅपटॉपवर बसून तुझं पत्र पाठवून दिलं. मराठीत चालतं, खाली तिनं इंग्रजी केलं. नुसतं पत्र नाही, प्रश्नही होते. पहिला प्रश्न, मुलगी चुकते तेव्हा काय करते? मी म्हणालो, हा काय प्रश्न झाला? चुकली तर शिव्या खाते. रिद्धी म्हणाली, असं नाही लिहायचं. मग मी आठवून लिहिलं की कामिनीनं एकदा कॉइलचे वेढे कमी भरले होते, मोटार चालू झाली होती, गिऱ्हाईक पैसे देऊन निघालं होतं, तर ही त्याच्या मागे धावत गेली आणि मोटार परत घेऊन आली. तेव्हा मी तुला ओरडलो होतो, ते लिहिलं नाही.

मुख्य पत्र मी दोन ओळींत संपवलं. ‘कामिनी बरी मुलगी आहे. काम बरं करते.’ रिद्धी कपाळाला हात लावून बसली. म्हणे, बरी म्हणजे त्यांना वाटेल जेमतेम. मी तिला सांगितलं, बाई, आमच्याकडे ‘बरी शे’ म्हणजे काय ते तुम्हा दुकानदार लोकांना नाही कळायचं. तीस वर्षांत मी दोनच कारागिरांना बरं म्हटलंय. एक माझा उस्ताद, आणि एक ही. शेवटी तिच्या हट्टाखातर ‘फार’ हा शब्द घातला. मला तो काही पटला नाही.

आणखी एक प्रश्न होता. मुलीनं तुम्हाला विचारलेला, पण तुम्हाला उत्तर न आलेला एखादा प्रश्न लिहा. मी लिहिलं, असा प्रश्न नाही. तीस वर्षं धंदा केलाय, मला काय उत्तर येणार नाही? त्याच्या खाली होतं, मार्क कमी पडण्याचं कारण ठाऊक असल्यास लिहा. तो रकाना रिकामा सोडला. ते मला कसं ठाऊक असणार?

नात्याच्या रकान्यात ‘भाची’ लिहिलं. झालं. आता देव आणि बंगलोरवाले काय करतील ते खरं.

भाईदास मामा

*

पारोळा, २२ जानेवारी २०२५

कामिनी,

रिद्धीच्या फोनवर आलेला तुझा निरोप तिनं मला तीनदा वाचून दाखवला. मला पाठ झालाय. ‘मामा, तुम्ही भाची लिहिलंत. नातेवाइकाचं पत्र चालत नाही, फॉर्म परत आलाय. तुम्ही माझे कोण, ते नीट लिहा.’

आठ महिन्यांनी माझ्याशी बोललीस आणि काय बोललीस! पण चूक माझीच आहे. तुझ्या आईचं माहेर आणि माझं गाव एक. तिच्या माहेरचा कुत्रासुद्धा तुझा मामा लागतो, आपल्याकडे असंच असतं. मला नातं विचारलं, मी भाची लिहिलं, डोक्यात दुसरं काही आलंच नाही. रिद्धीलाही आलं नाही, तीही मला काका म्हणते. बंगलोरला रक्ताचा नसलेला मामा नसतो वाटतं.

मग आता लिहू काय? मी तुझा मालक नव्हतो. नववीत असताना तू दाराशी उभी राहिलीस आणि विचारलंस, या तारा कशाच्या, तेव्हापासून बारावीपर्यंत शाळा सुटली की इथे यायचीस. मी तुला नोकरीवर ठेवली नव्हती. गुरू लिहू? माझ्याच्यानं नाही होणार. गुरू काय माझ्यासारखा वागतो का?

रिद्धी म्हणाली, ती चार वर्षं इथे खरंच काम करत होती याचा काहीतरी पुरावा जोडा, तिच्या अक्षरातलं. म्हणून काल जुने खोके काढले. आपण जळक्या मोटारीला जी चिठ्ठी बांधतो, गाव, नाव, तारीख, त्या सगळ्या चिठ्ठ्या तू फेकू दिल्या नव्हत्यास. तीन खोके भरले होते. तुझं अक्षर दिसलं म्हणून एकेक पाहत बसलो, आणि एक गोष्ट दिसली, जी मी चार वर्षांत कधी पाहिली नव्हती.

जवळपास प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात तू रंगाचा एक ठिपका काढला आहेस. कुठे लाल, कुठे पिवळा, कुठे निळा. कुठे नाहीच. सुरुवातीला वाटलं, पोरगी मोकळी बसली असेल, रंग खेळत असेल. पण मोकळी तू कधी बसलीस? लाल, पिवळी, निळी या लाइनच्या तीन फेजच्या वायरी, एवढं तर मला कळतं. पण ठिपका कशाचा? जळालेल्या फेजचा की वाचलेल्या? आणि तो तुला कळायचा कसा? मोटार माझ्यासमोर खोलली जाते, वायरीचा रंग तर शेतकऱ्याच्या विहिरीवर राहतो.

आज दिवसभर दुसरं काम सुचलं नाही. एका गिऱ्हाइकाला भलतीच मोटार बांधून दिली, तो मैलभर जाऊन परत आला. काय आहे हे ठिपके? कळव. नाही कळवलंस तर मी स्वतः शोधीन, मी काही कमी हट्टी नाही.

मामा (रक्ताचा नाही)

*

पारोळा, २ फेब्रुवारी २०२५

कामिनी,

तू कळवलं नाहीस. मी शोधलं. हे पत्र लांब होणार आहे, आणि यातलं काही मला लिहावंसं वाटत नाही, तरी लिहितो.

चिठ्ठ्या गावागावाच्या वेगळ्या लावल्या. दुकानाच्या ओट्यावर, वर दगड ठेवून. नेमीचंदशेठ येऊन उभे राहिले, म्हणाले, पत्ते मांडलेत का? एरंडोलकडच्या गावांत रंगांचा नुसता काला. भडगावकडेही तसाच. आणि तामखेडी? तामखेडीच्या एकोणीस चिठ्ठ्या निघाल्या आणि एकोणीसच्या एकोणीस निळ्या.

मग डोक्यात प्रकाश पडला. तीनपैकी एक फेज गेली आणि मोटार चालूच राहिली, तर दोन फेजच्या कॉइली कोळसा होतात आणि एक अंग कोरं राहतं. हे मीच तुला पहिल्या महिन्यात शिकवलं. तू कोऱ्या अंगाचा रंग लिहीत होतीस. मोटार द्यायला आलेल्या शेतकऱ्याला विचारायचीस ना, काका, कुठल्या पट्टीला कुठली वायर होती? मला वाटायचं, पोरगी गप्पा मारते.

तामखेडीला गेलो. मोटारसायकल काढली आणि गेलो, दुकान बंद ठेवून. आपलं जुनं गिऱ्हाईक तोताराम पाटील विहिरीवरच भेटला. मी विचारलं, बाबा, तुमच्या गावच्या मोटारी हल्ली माझ्याकडे येत नाहीत, दुसरा कारागीर धरला का? तो हसला. म्हणाला, जळतच नाहीत. गेल्या जूनमध्ये वादळात गावच्या ट्रान्सफॉर्मरच्या डीपीवरची निळ्या फेजची वायर तुटून खाली पडली. जोडायला माणूस आला, त्यानं पाहिलं की तिचा जोड कधीचा सैल होता. वारा सुटला की सुटायचा, पुन्हा लागायचा. नवा जोड मारला. त्या दिवसापासून गावात एक मोटार जळाली नाही.

तेवढ्यावर मी परत आलो असतो तर बरं झालं असतं. तोताराम पुढे म्हणाला, ‘तुमनी पोर उनी व्हती ना आठे, सायकलवर. गेल्याच्या गेल्या जानेवारीत. डीपी पाहू द्या म्हणे. आम्ही म्हटलं, तुना उस्तादले लई ये, मग पाहू.’

आणि तू उस्तादाला न्यायला माझ्याकडे आली होतीस. मला तो दिवस चांगला आठवतो, मी विसरल्याचं सोंग करत होतो. तू हात पुसत पुसत विचारलं होतंस, ‘मामा, तामखेडीनी मोटारना एकच रंग कायम कोरा का बरं राहस?’ मला उत्तर आलं नाही. येत नाही म्हणायची लाज वाटली. म्हणून मी म्हणालो, आपण मोटारीचे डॉक्टर, डीपीचे नाही. तू म्हणालीस, संध्याकाळी चला ना माझ्याबरोबर, नुसतं पाहून येऊ. तर मी काय म्हणालो ते तुला आठवत असेलच. मी म्हणालो, मोटारी जळायच्या थांबल्या तर तू आणि मी खाणार काय? मी हसलो, तूही हसलीस. मला वाटलं, विषय संपला.

तो जानेवारी. तुझी बारावी फेब्रुवारीत.

कालपासून चिठ्ठ्यांवरच्या तारखा पुन्हा पाहतो आहे. त्या फेब्रुवारीत तामखेडीच्या नऊ मोटारी आल्या. गहू, हरभरा पाण्यावर आलेला, शेतकरी दारात येऊन बसायचे. मला एकट्याला झेपेना, तेव्हा मी प्रमिलाकडे निरोप धाडायचो, कामिनीला दोन तासांसाठी पाठव. दोन तास म्हणायचो आणि तिन्हीसांज करायचो. फिजिक्सच्या पेपरच्या आदल्या दिवशीची चिठ्ठी माझ्यासमोर आहे. तोताराम पाटील, तामखेडी, साडेसात हॉर्सपॉवर, तुझं अक्षर, निळा ठिपका.

तुझा प्रश्न मी ऐकला असता तर त्या नऊ मोटारी जळाल्याच नसत्या. तुझा फेब्रुवारी मोकळा राहिला असता. तुझे मार्क तू घालवले नाहीस, कामिनी, मी घालवले. आणि निकालाच्या दिवशी चार गिऱ्हाइकांसमोर तुझे एक्कावन्न टक्के मोठ्यानं वाचून मीच हसलो. ‘तुन्हं डोकं शाळानं नही, आठेच बठ,’ असं म्हणालो. तू पाना खाली ठेवलास आणि गेलीस. मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला सांगितलं, आजकालच्या पोरांना थट्टा सहन होत नाही.

आज नवीन पत्र पाठवलं. रिद्धी लिहिता लिहिता दोनदा थांबली, म्हणाली, काका, हे नक्की घालायचं का? मी म्हणालो, घाल. उत्तर न आलेला प्रश्न, त्या रकान्यात तामखेडीचं सगळं लिहिलं. मार्क कमी का, त्या रकान्यात माझं नाव लिहिलं, निकालाच्या दिवशी मी काय म्हणालो तेही लिहिलं. एकोणीस चिठ्ठ्यांचे फोटो जोडले. नात्याच्या रकान्यात लिहिलं, आईच्या गावचा म्हणून मामा म्हणते, रक्ताचं नातं नाही, चार वर्षं माझ्या दुकानात काम शिकली. ‘फार बरी’ मधला ‘फार’ काढून टाकला. चिठ्ठ्या पाहिल्या की कळेल त्यांना.

माफी मागायची कशी असते मला येत नाही. कधी मागितली नाही.

मामा

*

पारोळा, १९ फेब्रुवारी २०२५

कामिनी,

हे पत्र घाईचं आहे. कुंदन बाहेर गाडी चालू ठेवून उभा आहे आणि मला शिव्या देतो आहे.

आज सकाळी अकराला बंगलोरहून फोन आला. एक बाई होत्या, मराठी बोलत होत्या, सोलापूरकडच्या असाव्यात. दुकानात सहासात माणसं बसली होती. मी बाहेर जाऊन बोलू शकलो असतो, गेलो नाही.

आधी त्यांनी चिठ्ठ्यांचं विचारलं. ठिपके काढायला तुम्ही शिकवलं का? मी म्हणालो, नाही, मला तर ते मागच्या महिन्यात दिसले. त्या म्हणाल्या, मग तिनं तुम्हाला आधी का नाही सांगितलं? मी म्हणालो, सांगितलं होतं बाई, मी ऐकलं नाही. मग त्यांनी मला मोटारीचं इतकं विचारलं, इतकं विचारलं की मलाच मजा यायला लागली. स्टार्टरमध्ये एक फेज गेली की मोटार बंद करणारा प्रिव्हेंटर असतो ना, मग मोटार जळते कशी? मी सांगितलं, तो सगळ्यांनी काढून ठेवलेला असतो, सारखी मोटार बंद पडते म्हणून. त्या म्हणाल्या, हे कामिनीला ठाऊक होतं? ठाऊक होतं, म्हटलं. प्रत्येक गिऱ्हाइकाशी ती त्यावरून भांडायची. हे कॉलेजवाले धर्मशाळावाले नाहीत, एवढं मला कळलं. रेघेच्या खाली काय असतं ते पाहायची त्यांना खरंच हौस आहे.

मग त्या म्हणाल्या, एक अडचण आहे. तुम्ही लिहिलंय, मार्क तुमच्यामुळे गेले. तिनं स्वतःच्या अर्जात लिहिलंय, घरगुती अडचणीमुळे अभ्यास झाला नाही. तुमचं नावही घेतलेलं नाही. दोन्ही खरं कसं असेल? आम्ही कुणाचं धरायचं?

हे मला ठाऊक नव्हतं. दुपारी प्रमिलाला विचारलं, तर ती म्हणाली, मीच तिला म्हटलं होतं की मामाचं नाव लिही, खरं आहे ते. ती म्हणाली, नको आई, पारोळ्यात त्यांचं नाव आहे.

माझ्याशी बोलत नव्हतीस, आणि माझं नाव मात्र सांभाळत होतीस. अगं, काय पोरगी आहेस तू!

फोनवर मी बाईंना म्हणालो, माझं धरा. तिनं मला झाकलंय. त्या म्हणाल्या, असं तुम्ही म्हणता, पण तुम्हाला तिला प्रवेश मिळावा असं वाटतं, तेव्हा तुम्हीही तिला झाकत असाल. बोलणं बरोबर होतं. मग त्यांनीच विचारलं, तिचं डोकं शाळेचं नाही, असं तुम्ही म्हणाल्याचं पत्रात लिहिलंय, तेव्हा तुम्हाला तसं खरंच वाटत होतं का?

सगळं दुकान ऐकत होतं. तामखेडीचे दोघे होते. नेमीचंदशेठ दारात होते.

मी म्हणालो, ‘नाही. तिचं डोकं माझ्यापेक्षा पुढे आहे हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं. ती गेली तर माझ्याकडे कोण राहणार, म्हणून म्हणालो. ती जाऊ नये म्हणून.’

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मलाही ते त्या फोनवरच नीट कळलं. त्या बाई म्हणाल्या, ठीक आहे, शुक्रवारी मुलाखतीत आम्ही कामिनीलाच विचारू. फोन ठेवला. तामखेडीतला एक उठला आणि त्यानं माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

तर कामिनी, परवा शुक्रवारी ते तुला मार्कांचं विचारणार. तू पुन्हा घरगुती अडचण म्हणालीस, तर तुझ्या एकोणीस चिठ्ठ्याही त्यांना खोट्या वाटतील, आणि एक्कावन्न टक्के तेवढे खरे राहतील. माझ्या नावाचं पारोळ्यात काय व्हायचं ते आज सकाळी अकरा वाजता होऊन गेलं. आता तिथे सांभाळण्यासारखं काही उरलेलं नाही.

जे झालं ते सगळं सांग. निकालाच्या दिवशीचंही सांग, माझ्या शब्दांत सांग. तुझा आवाज चढला तरी चढू दे. मला झाकू नकोस.

भाईदास